गोळी उत्तम, पण ती घ्यायची घरात : एचआयव्हीसह जगणाऱ्या गरोदर व स्तनदा मातांच्या उपचारसेवेचे परीक्षण

एचआयव्हीची बाधा असलेल्या गरोदर आणि स्तनदा मातांना आज जी उपचारसेवा दिली जाते, तिची रूपरेषा जगभर बहुतांशी सारखीच आहे. गरोदरपणात तपासणी, बाधा आढळल्यास लगेच औषध, ते औषध आयुष्यभर, बाळाला जन्मापासून काही आठवडे प्रतिबंधक औषध, त्याच्या ठरावीक अंतराने तपासण्या आणि या साऱ्या काळात समुपदेशन, असे तिचे स्वरूप असते. इतर कोणत्याही सेवेप्रमाणे ही सेवाही पारखायची म्हटले, तर मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात : दिलेला शब्द ती पाळते का, आणि तो पाळला जावा म्हणून लागणारे रोजचे कष्ट ती कोणावर सोपवते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र दवाखान्यातून घरात यावे लागते, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्या घराविषयीच आहे.

आधी शब्द काय दिला आहे ते पाहू. कोणताही उपचार नसेल, तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान या टप्प्यांत मिळून आईकडून बाळाला बाधा होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. उपचार वेळेवर सुरू झाले आणि त्यात खंड पडला नाही, तर स्तनपान करणाऱ्या मातांमध्येही ते ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. आईकडून बाळाला होणारा संसर्ग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरलेला नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता २०१५ मध्ये सर्वप्रथम क्यूबाला मिळाली आणि पुढच्याच वर्षी थायलंडला. थायलंडमध्ये या साथीचा भार मोठा होता, त्यामुळे तिथले यश मला अधिक बोलके वाटते. तेव्हा सेवेचा दावा केवळ कागदावरचा आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

आजच्या सेवेची घडण कळण्यासाठी तिची जुनी रूपे आठवावी लागतात. १९९४ मध्ये झिडोव्हुडिन या औषधाच्या चाचणीत बाळाला बाधा होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उतरले. पुढे १९९९ मध्ये युगांडातील एका चाचणीने दाखवले, की प्रसूतिकळा सुरू होताना आईला नेव्हिरॅपिनची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा एवढ्यानेही, अल्पकाळ दिलेल्या झिडोव्हुडिनच्या तुलनेत, संसर्ग जवळपास निम्मा होतो. या पद्धतीत औषधाला प्रतिरोध निर्माण होण्यासारखे दोष होते आणि आईच्या स्वतःच्या आजारावर ती काहीच करत नव्हती. परंतु तिचा एक गुण असा, की घरच्यांच्या सहकार्यावाचून तिचे फारसे अडत नव्हते. २०११ मध्ये मलावी या देशाने बाधा असलेल्या प्रत्येक गरोदर व स्तनदा स्त्रीला, तिची प्रतिकारशक्ती किती खालावली आहे याची वाट न पाहता, तीन औषधांचा आजीवन उपचार सुरू करण्याचे धोरण आणले. त्यालाच पुढे ऑप्शन बी प्लस हे नाव रूढ झाले. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या मार्गाला पाठबळ दिले आणि २०१५ मध्ये बाधा असलेल्या सर्वांनाच त्वरित उपचार देण्याची शिफारस केली. वैद्यकीयदृष्ट्या ही फार मोठी झेप होती. तिच्याबरोबर कामाची जागाही बदलली, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली. प्रसूतिगृहात एकदा, परिचारिकेच्या देखत होणारे काम आता घरात, रोज, कोणी पाहत नसताना किंवा सगळेच पाहत असताना करायचे झाले.

आता औषध. टीएलडी या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तिन्ही औषधे असतात. दिवसातून एकदा, जेवणाआधी वा नंतर, सोयीच्या कोणत्याही ठरावीक वेळी ती घेता येते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत प्रथमच उपचार सुरू झालेल्या स्त्रियांवर युगांडा व दक्षिण आफ्रिकेत झालेल्या डॉल्फिन-२ या चाचणीत, प्रसूतीपर्यंत रक्तातील विषाणूंचे प्रमाण, म्हणजे व्हायरल लोड, दर मिलिलिटरमागे ५० प्रतींच्या खाली आलेल्या स्त्रिया डोल्युटेग्राव्हिरच्या गटात ७४ टक्के होत्या, तर एफाविरेन्झच्या जुन्या उपचारात ४३ टक्के. उशिरा दवाखान्यात पोहोचलेल्या स्त्रीसाठी हा फरक फार मोलाचा आहे, कारण तिच्या हाती दिवसच थोडे असतात. या औषधाला विषाणूचा प्रतिरोधही सहजासहजी निर्माण होत नाही. २०१८ मध्ये बोत्सवानातील एका पाहणीमुळे, गर्भधारणेच्या वेळी हे औषध घेतल्यास बाळाच्या मेंदू व मज्जारज्जूच्या वाढीत दोष राहण्याची शक्यता वाढते की काय, अशी शंका उपस्थित झाली होती. त्याच पाहणीत पुढे अधिक जन्मांची माहिती जमा होत गेली, तसतशी ती शंका विरली, आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गर्भधारणेच्या वयातील स्त्रियांसह सर्वांसाठी हाच उपचार प्रथम पसंतीचा ठरवला. डोकेदुखी, झोप उडणे आणि वजन वाढणे या तक्रारी काहींना होतात. झोपेचा त्रास असेल, तर गोळी सकाळी घ्यावी, हा साधा सल्ला पुष्कळदा उपयोगी पडतो. औषध म्हणून या गोळीला मी निःसंकोचपणे उत्तम म्हणेन.

गोळीबरोबर येणाऱ्या सूचनांपैकी एक मात्र गरोदर स्त्रीच्या दृष्टीने कळीची आहे आणि तीच अनेकदा घाईघाईने सांगितली जाते. गरोदरपणात लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या जवळजवळ प्रत्येकीला दिल्या जातात. उपाशीपोटी त्या या गोळीसोबत घेतल्या, तर डोल्युटेग्राव्हिर शरीरात नीट शोषले जात नाही. त्यासाठी एक तर सर्व गोळ्या जेवणाबरोबर घ्याव्यात, नाहीतर टीएलडी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. आम्लपित्तावरच्या, ॲल्युमिनियम वा मॅग्नेशियम असलेल्या औषधांना मात्र जेवणाची सवलत नाही. तिथे दोन आणि सहा तासांचे अंतरच पाळावे लागते. आता घरातले चित्र पाहा. लोहाच्या गोळ्यांची आठवण घरातले सगळे करतात, काळजीने हातावर आणून ठेवतात, कारण त्यात लपवण्यासारखे काही नसते. एचआयव्हीच्या गोळीची वेळ मात्र तिला एकटीला मनात ठेवावी लागते, आणि कुणी अवेळी लोहाची गोळी पुढे केली, तर नाही म्हणण्याचे कारणही सांगता येत नाही. काळजी घेणारे घरच अजाणता औषधाच्या आड येते ते असे. समुपदेशकाने या एका प्रसंगाची तयारी करून दिली, तरी पुष्कळ साधेल.

वेष्टनाबद्दलही थोडे लिहायला हवे, कारण सेवेच्या परीक्षणात वेष्टनाला सहसा कोणी स्थान देत नाही. गोळ्या बाटलीतून येतात आणि ती बाटली हलली, की वाजते. ज्या स्त्रीने घरात काही सांगितलेले नाही, तिच्यासाठी पिशवीतला तो खुळखुळ चुगली करणारा असतो. मग गोळ्या कागदात गुंडाळल्या जातात, दुसऱ्या डबीत भरल्या जातात किंवा घराबाहेर कुणाकडे तरी ठेवल्या जातात. मूळ बाटलीत ओलावा शोषणारी पुडी असते. गोळी बाहेर काढून ठेवली, की ते संरक्षण जाते. दुसऱ्याच्या घरी ठेवलेली गोळी रात्री उशिरा किंवा पाहुणे आल्यावर हाती लागत नाही, ही त्याहून मोठी अडचण आहे. औषध गुप्तपणे बाळगण्याचे सुरक्षित मार्ग कोणते, यावर दवाखान्यात मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे. ‘लपवू नका’ एवढाच उपदेश इथे निरुपयोगी आहे.

सेवेची पहिली खरी कसोटी पहिल्याच दिवशी लागते. स्त्री गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासणीसाठी येते, तिला बाधा असल्याचे कळते आणि शक्यतो त्याच दिवशी औषध देऊन घरी पाठवले जाते. लवकर सुरुवात करण्यामागचे वैद्यकीय कारण बिनतोड आहे. पण स्वतःला आजारी न समजणारी, बातमी पचवायला एक रात्रही न मिळालेली आणि कोणालाही काही न बोललेली ही स्त्री आयुष्यभराच्या औषधाची पहिली बाटली घेऊन घराचा उंबरठा ओलांडते. मलावीतील सुरुवातीच्या अनुभवाच्या अभ्यासात सहा महिन्यांत १७ टक्के स्त्रिया सेवेतून निसटल्या आणि त्यांतल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच. आजार बळावल्यामुळे ज्यांचे औषध सुरू झाले होते, त्यांच्या तुलनेत गरोदरपणात औषध सुरू झालेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर पुन्हा दवाखान्याकडे न फिरकण्याची शक्यता पाचपट होती. या आकड्यांचे खापर स्त्रियांच्या बेफिकिरीवर फोडणे सोपे आहे. मला त्यात सेवेची उणीव दिसते. औषध त्याच दिवशी द्यावे. पण मग चार-आठ दिवसांत दुसरी भेट, विश्वासातल्या एका माणसाचे नाव ठरवणे आणि ‘आज घरी गेल्यावर गोळी कुठे ठेवणार?’ हा प्रश्न विचारणे हेही त्याच दिवसाच्या सेवेत यायला हवे.

दुसरी कसोटी प्रसूतीनंतरची, आणि ती अधिक अवघड आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५१ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पुरेशा नियमितपणे औषध घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण गरोदरपणात सुमारे ७६ टक्के आढळले, तर प्रसूतीनंतर ते ५३ टक्क्यांवर आले. तेव्हाची औषधे आजच्यापेक्षा त्रासदायक होती, हे खरे. परंतु घसरणीची दिशा केवळ औषधाने समजत नाही. गरोदर स्त्रीकडे घराचे लक्ष असते. बाळ जन्मले, की ते लक्ष बाळाकडे वळते. बाळंतिणीची झोप तुटते, दिवस-रात्रीचे वेळापत्रक कोलमडते, सकाळची ठरलेली वेळ उरतच नाही. त्यात भर म्हणजे गरोदरपणात समुपदेशनाचा सारा जोर ‘बाळासाठी गोळी घे’ यावर असतो, आणि बाळाची पहिली तपासणी ठीक निघाली, की त्या युक्तिवादाची धार आपोआप बोथट होते. स्वतःसाठी औषध घ्यायचे आहे, हे तिला कोणी तितक्याच आग्रहाने सांगितलेलेच नसते.

ही घसरण नेमकी चुकीच्या वेळी होते. स्तनपान चालू असेपर्यंत बाळाला धोका असतोच, आणि तो आईच्या व्हायरल लोडवर अवलंबून असतो. प्रॉमिस या नावाने अनेक देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात आई किंवा बाळ नियमित औषधावर असताना स्तनपानातून बाधा होण्याचे प्रमाण सहा महिन्यांपर्यंत ०.३ टक्के आणि बारा महिन्यांपर्यंत ०.६ टक्के होते. म्हणजे धोका फारच थोडा, तरी शून्य नव्हे. व्हायरल लोड आढळण्याजोगा नसेल, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही हे सिद्ध झाले आहे. ते विधान जसेच्या तसे स्तनपानाला मात्र लावता येत नाही, आणि दवाखान्यांनी हा फरक स्पष्ट सांगितला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनानुसार औषधात सातत्य राखण्यास आधार मिळत असेल, तर आईने पहिले सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहारासह किमान बारा महिने आणि पुढे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक काळही स्तनपान चालू ठेवायला हरकत नाही. सुरक्षित पर्यायी दूध सहज मिळते अशा देशांत स्तनपान टाळण्याचाच सल्ला पुष्कळ वर्षे दिला जात असे. अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांनीही २०२३ मध्ये आईशी चर्चा करून निर्णय घेण्याची भूमिका स्वीकारली. या साऱ्या शिफारशींच्या मुळाशी ‘आधार मिळत असेल तर’ ही अट आहे. तो आधार दवाखाना किती देतो आणि घर किती देते, हे तपासल्याशिवाय अटीला अर्थ राहत नाही.

कुटुंबाचा आधार हा शब्दप्रयोग माहितीपत्रकांत फार सैलपणे येतो. प्रत्यक्षात तो लहान लहान कामांचा बनलेला असतो. गोळीच्या वेळी रडणारे बाळ पाच मिनिटे कुणी घेणे, तपासणीच्या दिवशी मोठ्या मुलाला सांभाळणे, प्रवासखर्चाची सोय पाहणे, आजारपणात औषध आणून देणे, गावाला जाताना पिशवीत गोळ्या आहेत ना हे पाहणे, ही ती कामे. यांपैकी काहींसाठी निदान ठाऊक असण्याचीही गरज नसते. काही न विचारता मुलाला सांभाळणारी नणंद किंवा ‘तुझी कामाची वेळ झाली, तू जा’ म्हणणारी शेजारीण हाही उपचाराचा आधारच आहे. समुपदेशक मात्र बहुधा एकच प्रश्न विचारतात : ‘घरी सांगितले का?’ त्या जागी ‘कोण कोणते काम करू शकेल?’ असा प्रश्न आला, तर न सांगता मिळू शकणारी मदतही हिशेबात येईल.

नवऱ्याला किंवा घरातल्या कुणाला ठाऊक असेल, तर औषध घेणे बहुतेकींना सोपे जाते, यात शंका नाही. गोळी उघडपणे घेता येते, चुकली तर कुणी आठवण करते, आणि जोडीदाराचीही तपासणी होते. मलावीतील एका चाचणीत केवळ निमंत्रणपत्र दिलेल्या गटात ५२ टक्के जोडपी दवाखान्यात आली. निमंत्रणानंतरही न आलेल्या जोडीदाराशी कर्मचाऱ्यांनी स्वतः संपर्क साधला, त्या गटात ७४ टक्के. पुरुष येत नाहीत, ही नेहमीची तक्रार त्यामुळे अर्धीच खरी वाटते. त्यांना कोणी नीट बोलावते का, हेही पाहायला हवे. गरोदरपणातील तपासणीत बाधा न आढळलेल्या स्त्रीच्या बाबतीतही जोडीदाराची तपासणी महत्त्वाची असते, कारण स्तनपानाच्या काळात तिला नव्याने बाधा झाली, तर सुरुवातीच्या आठवड्यांत व्हायरल लोड फार वाढतो आणि बाळाला असलेला धोकाही.

मात्र नवऱ्याला सोबत आणणे ही अट बनली, की सेवा स्वतःच्याच उद्देशाविरुद्ध काम करू लागते. जोडप्याने आलेल्यांना रांगेत पुढे घ्यायचे आणि एकटीला ताटकळत ठेवायचे, ही पद्धत मला पूर्णपणे चुकीची वाटते. जिचा नवरा कामासाठी दूर आहे, जी एकटी राहते, जिला मारहाणीची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती आहे, ती या नियमाने दवाखान्यापासून दूर जाते. निदान सांगायचे की नाही, कोणाला आणि केव्हा, हा निर्णय त्या स्त्रीचाच असला पाहिजे, आणि घरात हिंसाचाराचा धोका आहे का, ही विचारपूस सांगण्याचा सल्ला देण्याआधी व्हायला हवी.

आधार आणि पहारा यांतली सीमाही पुसट असते. ‘गोळी घेतलीस का?’ हे वाक्य एका घरात जिव्हाळ्याचे असते, दुसऱ्या घरात ते रोज सर्वांसमोर विचारले जाणारे जाबजबाब असतात. काही ठिकाणी सासू गोळ्या मोजते, भांडणात निदानाचा उल्लेख निघतो, बाळाला खोकला झाला तरी बोट आईकडे वळते. अशा घरात गोळी घेतल्याचे खोटे सांगणे हाच तिच्यासाठी शांततेचा मार्ग होतो. दवाखान्यात शिल्लक गोळ्या मोजून सातत्य ठरवण्याची पद्धत याच पहाऱ्याचा विस्तार आहे. भेटीला येण्यापूर्वी उरलेल्या गोळ्या टाकून देणे कुणालाही जमते. घरच्यांना समुपदेशनासाठी बोलावले जाते, तेव्हा संसर्ग एकत्र जेवण्याने, कपड्यांनी किंवा बाळाला कुशीत घेण्याने होत नाही, हे सांगितले जाते. आठवण कशी करावी आणि कशी करू नये, हेही तितक्याच तपशिलाने सांगितले पाहिजे. गोळी चुकलीच, तर काय करायचे, हेही घरच्यांना ठाऊक हवे : आठवण होताच ती घ्यायची, पुढच्या गोळीला चार तासांहून कमी वेळ उरला असेल, तर चुकलेली सोडून द्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी, दुप्पट नव्हे. एका चुकलेल्या गोळीवरून घरात रणकंदन माजण्याचे कारण नाही.

बाळाच्या औषधाबाबत घराचे वागणे अगदी वेगळे असते आणि सेवेने त्याचा फायदा करून घेतलेला नाही, असे मला वाटते. साधारणपणे बाळाला सहा आठवडे नेव्हिरॅपिनचे पातळ औषध रोज एकदा द्यावे लागते. आईचा उपचार उशिरा सुरू झाला असेल किंवा तिचा व्हायरल लोड जास्त असेल, तर बाळाला दोन औषधे आणि अधिक काळ द्यावी लागतात. निदान ठाऊक असलेल्या घरात हे काम आजी, वडील, मावशी आवडीने करतात. त्याच क्षणी आईची गोळी घेण्याची वेळ बांधून दिली, म्हणजे बाळाला थेंब आणि आईला गोळी असे एकच काम झाले, तर सर्वांत विस्कळीत आठवड्यांत तरी ती मागे पडणार नाही. यासाठी कोणताही जादा खर्च नाही.

सेवेतला माझ्या मते सर्वांत चांगला भाग औषधाबाहेरचा आहे, तो म्हणजे याच वाटेने गेलेल्या मातांची सोबत. २००१ मध्ये केप टाउन येथे सुरू झालेल्या मदर्स टू मदर्स या संस्थेने एचआयव्हीसह जगणाऱ्या आणि बाळंतपण पार पडलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन, वेतन देऊन, दवाखान्यात नवीन मातांच्या मदतीला नेमण्याची पद्धत रुजवली, आणि पुढे ती अनेक देशांत स्वीकारली गेली. गोळी कुठे ठेवली, सासूला काय सांगितले, दुसऱ्या कुणी बाळाला वरचे दूध पाजायचा हट्ट धरला तेव्हा काय केले, या प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांकडे नसतात. अशा आईकडे असतात. ज्या घरातून आधार मिळण्याची शक्यताच नाही, तिथे ही सोबत घराची उणीव काही प्रमाणात भरून काढते. पण या स्त्रियांकडून पूर्ण वेळाचे काम मानधनाच्या नावाखाली तुटपुंज्या मोबदल्यात करून घेतले जाते, तिथे त्या टिकत नाहीत आणि नव्या आईला दर भेटीत नवा चेहरा दिसतो. विश्वासाचे नाते असे फिरत्या खुर्चीवर बसत नाही.

दवाखान्याच्या रचनेविषयी थोडक्यात. आई आणि बाळ यांची तपासणी एकाच दिवशी, एकाच ठिकाणी होणे हा सोयीचा नव्हे, परिणामकारकतेचा मुद्दा आहे. दक्षिण आफ्रिकेतील एका चाचणीत प्रसूतीनंतर आईला एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या सर्वसाधारण (एआरटी) केंद्राकडे न पाठवता स्तनपान संपेपर्यंत माता-बाल सेवेतच ठेवले, तेव्हा वर्षभरानंतर सेवेत टिकून विषाणू नियंत्रणात असलेल्या माता ७७ टक्के होत्या. लगेच पाठवलेल्यांत ५६ टक्के. एकवीस टक्क्यांचा हा फरक कोणत्याही नव्या औषधाविना साधला. तब्येत स्थिर असलेल्या स्त्रीला तीन ते सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम देणेही चांगले, कारण प्रत्येक फेरीसाठी घरात नवे निमित्त शोधावे लागते. गोळ्या लपवाव्या लागणाऱ्या स्त्रीला मात्र सहा महिन्यांचा साठा अडचणीचा होऊ शकतो. तिला विचारूनच ठरवावे. व्हायरल लोडची तपासणी गरोदरपणाच्या चौतिसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात, नंतर प्रसूतीपासून तीन महिन्यांनी आणि स्तनपान संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी व्हावी, असे मार्गदर्शन आहे. तपासणी होते, पण निकाल पुष्कळदा फाइलमध्येच राहतो. ‘तुझ्या रक्तात विषाणू आढळण्याजोगा नाही’ हे वाक्य ऐकलेली स्त्री, आणि तिची इच्छा असल्यास तिचा जोडीदार, या दोघांना ते कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त उमेद देते.

ही सेवा घ्यावी का, असे कुणी विचारले, तर उत्तर निःसंदिग्ध हो असे आहे, आणि लवकरात लवकर. दवाखाना निवडण्याची मुभा असेल, तर चार गोष्टी आधी विचाराव्यात : सोबतीण माता आहे का, आई आणि बाळ यांना एकाच दिवशी पाहतात का, एकटीने आल्यास वागणूक बदलते का, आणि स्तनपान संपल्यावर पुढच्या केंद्राकडे पाठवताना नेमके काय करतात. शेवटचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. बाळाची अखेरची तपासणी वयाच्या अठराव्या महिन्यात किंवा स्तनपान थांबल्यानंतर तीन महिन्यांनी, यांपैकी जे नंतर येईल तेव्हा होते. बाळाला बाधा नसल्याचे कळते, घरात आनंद होतो, बाळाची फाइल बंद होते. आईच्या हाती त्याच दिवशी दुसऱ्या केंद्राच्या नावाची चिठ्ठी येते, आणि ती तिथे पोहोचली की नाही, हे बहुतेक ठिकाणी कोणीच विचारत नाही. त्या चिठ्ठीबरोबर नव्या केंद्रातल्या एका माणसाची ओळख, पहिल्या भेटीची तारीख आणि तोवर पुरतील इतक्या गोळ्या मिळाल्या पाहिजेत. त्या मिळत नाहीत तोवर मी या सेवेला पूर्ण गुण देणार नाही.